कडूबाईची गाठ

आधीची तीन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईबापांनी चौथीचं नाव कडूबाई ठेवलं. कडू म्हटलं की काळसुद्धा तोंड लावत नाही. ती जगली, आणि नावाला खोटं पाडत जगली. राहुरीजवळच्या त्या गावात तिच्याइतकं गोड बोलणारं आणि पदर तोंडाला न लावता हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

गावची सुईण ती. कुणी बोलवायला आलं की लुगड्याखाली जुन्या सुताची पट्टी करकचून बांधायची आणि निघायचं. ही पट्टी सासूची. "कंबर कसल्याबिगर बाळंतपन व्हत न्हाई," असं म्हणून सासूनं पहिल्या दिवशी ती स्वतःच्या हातानं बांधली होती. पुढं घरी आल्यावर ती सोडायचं कडूबाईच्या ध्यानातच राहीना. गावात सारखं कुणी ना कुणी अडलेलंच असे. बाळंतीण अडली की मात्र ती घरातल्या साऱ्या गाठी सोडायला लावी. वेण्या, पोत्यांची तोंडं, जनावरांची दावीसुद्धा. एकदा अशानं वासरू मोकळं झालं आणि गाईचं सगळं दूध पिऊन गेलं. पण त्या घरची सूनही त्याच घटकेला मोकळी झाली, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

बाळाला न्हाऊ घालण्यात तर तिचा हातखंडा. पाटावर बसून पाय लांब करायचे, पण बाळ पायावर घेण्याआधी पहिला तांब्या स्वतःच्या उजव्या मांडीवर ओतायचा. "हात कामानं निबर झाल्यात," ती म्हणे, "मांडी खरं बोलती."

एकाहत्तर सालच्या पौषात ती मांडी खोटं बोलली. आक्काबाईच्या घरी नातवाची आंघोळ होती. कडूबाईनं पहिला तांब्या ओतला आणि म्हणाली, "कोमट हाय, द्या बाळ." आक्काबाईनं सहज घंगाळात बोट घातलं आणि किंचाळली, "अगं, कढत हाय की! पोराला सोलतीस का काय?"

कडूबाईनं खाली पाहिलं. मांडी लालभडक झाली होती, आणि तिला काहीच कळलं नव्हतं.

त्याआधी वर्षभर त्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला आग होत होती, मुंग्या येत होत्या. नवरा पुंजाराम म्हणायचा, "मुंग्या येत्यात? मंग गूळ लावत जाऊ नको." तीही हसायची. वैद्यानं वात सांगितला, एरंडाची पानं बांधून झाली. हाडं बसवणाऱ्यानं पाय असा ओढला की तो दोन बोटं लांब झाला, असं पुंजाराम पारावर सांगत असे. पण आता आग मधूनच व्हायची, आणि एरवी ती जागा आपली नव्हेच अशी पडून असायची. तिनं बाभळीचा काटा टोचून पाहिला. रक्ताचा ठिपका आला, दुखलं मात्र नाही.

तिच्या माहेरी शिवेबाहेर एक माणूस राहायचा. लोक लांबूनच त्याला भाकरी टाकत. त्याचंही असंच बधिरपणापासून सुरू झालं होतं. त्या रोगाचं नाव कडूबाईनं मनातसुद्धा घेतलं नाही. तिनं फक्त परक्या लेकरांना हात लावायचं सोडलं. घरात सून मुक्ता सातव्या महिन्यात होती. अर्ध्या गावाला जिनं पायावर घेतलं, तिनं आपल्या नातवंडाला लांबूनच बघायचं?

शेवटी तिनं पुंजारामला सांगितलं. त्याला पहिल्यांदाच विनोद सुचला नाही. सकाळी त्यानं धुतलेलं धोतर काढलं आणि म्हणाला, "चल, नगरला."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शेजारी दया सिस्टर उभी होती. बाईंनी कापसाची वात केली. "मावशी, डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

"लागला," कडूबाई म्हणाली. "लागला. आता बी लागला."

"मी अजून हात लावलाच नाही," बाई म्हणाल्या.

दया सिस्टर तोंड वळवून हसली. कडूबाईनं एक डोळा उघडला. "बाई, खरं सांगितलं तर घरी जाऊ द्याल न्हवं?"

"तुम्हाला महारोगाची भीती वाटते का?" बाईंनी सरळ विचारलं. कडूबाईनं मान डोलावली. "तो असला तरी त्यावर औषध आहे मावशी. घाबरून लपायचं नसतं. बघू दे मला."

मग तिनं खरं खरं सांगितलं. जिथं लागत नव्हतं तिथं बाईंनी शाईनं रेघ ओढली. तळहाताएवढा तुकडा निघाला. कातडीवर चट्टा नव्हता. बाईंनी कोपरामागच्या, गुडघ्यामागच्या शिरा चाचपल्या, मग लुगडं जरा सैल करायला लावलं आणि थबकल्या.

"दया, ही बघ गाठ. हिच्यामुळंच सगळं. काढावी लागेल."

महारोग परवडला, पण गाठ! तिनं हात जोडले. "बाई, दोन म्हैनं थांबा. सून मोकळी हुंद्या, मंग खुशाल कापा."

"कापायला कशाला पाहिजे? तुमचं तुम्हीच सोडा की!" बाईंनी बोट लावून दाखवलं. सुती पट्टीची ती गाठ कंबरेच्या हाडाशी लिंबाएवढी रुतून बसली होती. "महारोग नाही हा. मांडीची शीर इथून खाली जाते. वर्षानुवर्षं तुम्ही तिचा गळा आवळलाय."

पट्टी सुटली तेव्हा कातडीवर खोल वळ होता. कडूबाई हसावं की रडावं या विचारात असताना दाराबाहेरून पुंजारामचा आवाज आला, "जगाच्या गाठी सोडत हिंडली, आपली तेवढी ऱ्हायली!"

"सासूबाईंची हाय ती," कडूबाई पुटपुटली.

"मंग आईला म्या सांगतो. तू सोड."

पुढचे दोन महिने ती सैल हिंडली, आणि कंबर उघडी पडल्यासारखी लाजली. मुक्ताच्या वेळेला सवयीनं तिचा हात पट्टीकडं गेला. पट्टी जागेवर नव्हती. पुंजारामनं तिचं गाईला दावं केलं होतं. कडूबाईनं नुसता पदर खोचला आणि ती आत गेली. उन्हं कलायच्या आत मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला, पाय लांब केले. मुक्ता बाळ घेऊन उभी होती. कडूबाईनं तांब्या भरला, पण तो मांडीवर ओतायला तिचा हात धजेना. मग तिनं डोळे मिटले, दवाखान्यात मिटले होते तसे, आणि ओतला.

"आई गं! भाजलं, भाजलं!"

पुंजाराम धावत आला. कडूबाई लाल झालेल्या मांडीवर हात ठेवून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं, भाजलंय तर हसतीस काय?"

"लई भाजलं हो," ती म्हणाली. "गार पानी आना. आन द्या माझी नात हिकडं."