नंबर अभिमनभाऊंचा

साक्रीहून पिंपळनेरकडे निघालं की गाव संपता संपता अभिमन मिस्त्रीचं गॅरेज लागतं. पत्र्याची शेड, समोर कडुनिंबाचं झाड आणि झाडाखाली गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. "उभं आयुष्य इथं बसून काढलंस," असं कोणी म्हटलं तर अभिमन खवळतो. म्हणतो, "बसून कोणी काढलं? गाडीखाली आडवं पडून काढलं." माणूस तापट, पण कोणाला रस्त्यात अडकलेलं सोडून आला, असं त्याच्याबद्दल आजवर ऐकलेलं नाही.

या टापूत एक रीत पडून गेली होती. नवी गाडी घ्यायची तर अभिमनला सोबत न्यायचं आणि शोरूममध्ये मोबाइल नंबर त्याचाच लिहायचा. वरच्या पाड्यांवर रेंज नाही, लोक सिम बदलत राहतात आणि येणारा मेसेज इंग्रजीत. मग तो ज्याला उमगतो त्याच्याकडेच गेलेला बरा. यात काही वावगं आहे असं गाडी घेणाऱ्याला वाटलं नाही आणि शोरूमवाल्यांनाही वाटलं नाही. त्यांना काय, गाडी खपली की झालं. अभिमनच्या हातून नारळ फुटायचा आणि गाडी घरी जायची.

पुढे गाड्याच बोलायला लागल्या. कंपन्यांनी त्यांच्या पोटात सिमकार्ड बसवलं. इंजिन किती तापलं, बॅटरी किती उतरली, सगळी खबर थेट फोनवर. फोन कोणाचा? अभिमनचा. तो जेवायला बसला की खिशात टुणटुण सुरू. त्याची बायको प्रमिलाबाई वैतागायची. "बठ्ठ्या गावन्या गाड्या तुमनाच खिसामा शेतस का?" अभिमन वरवर चिडायचा, पण आतून सुखावायचा. सामोड्याचा सुकदेव पिकअपमध्ये भाजी भरून सुरतेला निघाला आणि वाटेत इंजिन तापलं की हा इथून फोन करायचा, "थांब, चहा पी. पाणी कमी शे." सुकदेव निमूट थांबायचा आणि इंजिन वाचायचं.

गेल्या दिवाळीनंतर ते सगळं एका मेसेजनं बंद केलं. एकाच नंबरावर अनेक वाहनं आहेत, हा नियमभंग आहे, म्हणून कंपनीच्या यादीतून हा नंबर बंद. मालकांनी धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरला समक्ष यावं. अभिमननं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईनं मधाळ आवाजात सांगितलं की हे ग्राहकाच्या सुरक्षेसाठीच आहे. अभिमनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कसली डोंबलाची सुरक्षा! लोकांनी आपण होऊन ज्याच्या हाती दिलं, त्याच्यापासून सुरक्षा? बरं, खबर काही थांबली नव्हती. ती आता फक्त धुळ्याला जात होती. कोणाच्या गाडीचा ब्रेक घासला की गाडीवाल्याच्या आधी सेंटरला कळायचं आणि लगेच फोन यायचा, या, बदलून देतो. नवा नंबर देऊन आलेला माणूस त्या फोनमागे धुळ्याला जायला लागला. बाकडं रिकामं पडलं. गाडी माणसाच्या घामाची, खड्डे आमच्या रस्त्याचे, आणि गाडीला काय दुखतंय ते मात्र भलत्याच्या मालकीचं. याला दरोडा नाही तर काय म्हणायचं?

एकटा सुकदेव तेवढा धुळ्याला गेला नाही. म्हणाला, "माले काय गरज? तुम्ही शेतस ना, भाऊ." त्या एका वाक्यावर अभिमन सारा हिवाळा तगून होता.

आणि नेमकी त्याचीच पिकअप एका सकाळी कोंडाईबारी घाटात बसली. मागे कोथिंबीर आणि मेथी भरलेली. अभिमन मोटरसायकलवर हत्यारं बांधून पोचला. उंदरानं वायर कुरतडली होती आणि त्यात एक सेन्सर गेला होता. सुकदेवनं फोनवर सांगितलेल्या लक्षणांवरून अंदाज बांधून तसाच सेन्सर, कंपनीचाच, सीलबंद, त्यानं सोबत आणला होता. तो बसवला, वायर जोडली. इंजिन सुरू झालं, पण गाडी बैलगाडीच्या वेगाच्या वर पळेना. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली: नवा भाग बसवलेला आहे, कंपनीची मंजुरी हवी, मालकाच्या नंबरावर ओटीपी पाठवला आहे.

मालकाचा नंबर अभिमनच्या खिशात होता. त्यानं फोन काढून हातात धरला. सुकदेवही त्यावर वाकला. फोन गप्प. बंद केलेल्या नंबरावर काय येणार कपाळ? ऊन चढलं, भाजी मान टाकायला लागली. मंजुरी आता सेंटरमधूनच मिळेल, असं कंपनीनं फोनवर कळवलं. शेवटी त्यांचीच क्रेन आली आणि चांगली दुरुस्त झालेली गाडी उचलून धुळ्याला घेऊन गेली. अभिमन क्रेनच्या केबिनमध्ये दातओठ खात बसला होता.

सेंटरमध्ये काउंटरवरच्या माणसानं गाडीला वायर लावली आणि पडद्यावर पाहिलं. "काम बरोबर झालंय. फक्त मंजुरी टाकायची." म्हणजे पाना नाही, पकड नाही, नुसतं एक बटण. तेवढ्यासाठी सुकदेवची भाजी वाया गेली होती. अभिमनच्या तोंडात शिवी आली, ती त्यानं कशीबशी गिळली.

"मोबाइल नंबर सांगा," काउंटरवाला म्हणाला.

सुकदेवनं घडाघडा सांगितला. अर्थात अभिमनचा.

"हा बंद आहे. तुमचा स्वतःचा द्या. त्याशिवाय गाडी मोकळी होणार नाही."

सुकदेव गोंधळला. स्वतःचा नंबर त्याला पाठ नव्हता. स्वतःला कोण फोन करतं? कुठल्याही अडचणीत पाहायचा तसं त्यानं अभिमनकडे पाहिलं.

अभिमनला तो नंबर पाठ होता. तो सांगितला की पुढचा फोन सुकदेवला धुळ्याहून येणार, हेही त्याला दिसत होतं. संतापानं त्याचे कान तापले. गप्प राहावं असं एकदा मनात आलंही. पण बाहेर पिकअप उभी होती, पिवळी पडलेली कोथिंबीर घेऊन.

त्यानं काउंटरवर मूठ आपटली. "लिहा," म्हणाला, आणि एकेक आकडा इतक्या मोठ्यानं सांगितला की सोफ्यावर बसलेली माणसं वळून पाहायला लागली.

क्षणभरात टुणटुण वाजलं. अभिमननं सवयीनं आपला खिसा चाचपला. वाजला होता सुकदेवचा फोन.