चोचीवरचा पांढरा थर

कुलुपं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेल्यामुळे काकांना समोरचा प्रत्येक माणूस आधी चोर वाटायचा, मग पाहुणा. बायकोचा धाकटा भाऊ नोकरी शोधायला त्यांच्याकडे राहायला आला, तेव्हाही ते म्हणाले, "राहू दे. पण माझी नजर आहे त्याच्यावर."

काकांचा खरा जीव होता त्यांच्या निळ्या बजरी पोपटावर. दुकानातून आले की आधी पिंजरा, मग घर. एकदा त्याच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी दिसलं. नखाने खरवडलं तरी निघेना.

"याला पीठ कोणी चारलं?"

"मी कशाला चारू, दाजी?" मेहुणा हसला. ते हसणंच काकांना खटकलं.

त्यांनी पिंजऱ्याला चिमुकलं कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. दाणापाणी स्वतःच्याच हाताने. तरीही थर वाढत गेला. चोच भुसभुशीत झाली, तिला बारीक भोकं पडली, पायांवर खपल्या धरल्या. मग मेहुणा गजांतूनच काहीतरी टाकत असणार! काकांनी खुंटीवरच्या मेहुण्याच्या शर्टाचे खिसे चाचपले. निघाली दोन तुटकी बटणं. नेमका मेहुणा दारात उभा होता. तो बॅग उचलून मित्राकडे निघून गेला.

 काकूंनी पिंजरा उचलला आणि पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. तिथून काकांना फोन केला, "किल्ली घेऊन या. इथे दार उघडत नाहीये."

काका धावत पोचले. बाईंनी थोडी खपली काढून काचेवर ठेवली आणि त्यांना भिंगातून बघायला सांगितलं. आखूड पायांचे गोल किडे वळवळत होते.

"खरजेचे किडे आहेत. कातडी पोखरतात. बहुतेक पिल्लू असताना घरट्यातच आईकडून आले असतील. कितीतरी दिवस दबा धरून बसतात."

"म्हणजे कोणी मुद्दाम..."

"छे हो!"

"खात्री नसेल तर बाईंचेही खिसे बघून घ्या," काकू म्हणाल्या.

पोपटाच्या मानेवर औषधाचा थेंब पडला, तो पुढेही काही वेळा द्यावा लागला. किडे लपू नयेत म्हणून पिंजऱ्यातल्या लाकडी दांड्या फेकून नव्या बसवल्या. हळूहळू थर गळला, चोच मात्र जराशी वाकडीच राहिली.

काका मेहुण्याला आणायला गेले. त्याला एका छापखान्यात काम मिळालं होतं. "बसा दाजी, पाणी देतो," तो म्हणाला, "पण राहायला नाही येणार."

अधूनमधून तो बहिणीला भेटून जातो. काका जेवायचा आग्रह करतात. कधी थांबतो, कधी नाही.