दिसलं तेवढं

घरून अवेळी फोन आला की माझ्या मनात एकच येतं... माझ्या लेकीला, मीराला, पुन्हा रक्त गेलं. गेल्या महिन्यातही तसंच झालं. मी मिरकरवाडा बंदरावर मासळी घेत होतो. बायको म्हणाली, "आत्या गेल्या हो. आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत." मी विचारलं, "आणि मीरा?"

"मीरा शाळेत आहे. आत्या गेल्या म्हणतेय मी."

यमूआत्या, माझ्या वडिलांची बहीण, आमच्याकडेच राहायची. मीरा तीन वर्षांची असताना, मे महिन्यात, तिला लाल शी झाली. अंगणात रातांबे फोडून कोकमं वाळत घालणं चाललं होतं; पोरीचे ओठही लाल. आत्या हसली, "रातांबे खाल्लान मेलीनं. रंग आहे तो!" आम्हा सगळ्यांनाच ते पटलं. दोन-तीन दिवसांनी मीरा भिंतीला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. हिमोग्लोबिन पाच.

कोल्हापूरला नेलं. रक्त चढवत होते, ते खालून जातच होतं. वरून, खालून दुर्बीण घातली, काही सापडेना. सर्जन म्हणाले, लहान आतड्यात रक्तवाहिन्यांची जन्मजात सदोष जाळी असावी. पोट उघडून, आतड्यात दुर्बीण फिरवूनच शोधावी लागेल. त्यांनी वीतभर आतडं काढून टोकं जोडली. बाहेर येऊन म्हणाले, "दिसलं तेवढं काढलं. लक्ष ठेवा." त्या 'दिसलं तेवढं'ची भीती घरातून अजून गेलेली नाही.

रातांब्यांचा काही संबंध नाही, हे डॉक्टरांनी आत्याला समजावलं. तिनं मान डोलावली आणि घरी येताच कोकमांची बरणी शेजारी देऊन टाकली. आमच्या कालवणात तेव्हापासून चिंच पडते. रोज सकाळी आत्या मीराचं शीचं पांढरं भांडं उजेडात नेऊन बघायची आणि परसातून ओरडायची, "पिवळी आहे गो, च्या घ्या!" त्याआधी कुणी कप उचलत नसे. पुढे मीरा लाजू लागली, संडासाचं दार लावून घेऊ लागली. आत्या दाराबाहेर उभी.

"आजी, जा ना गं!"

"सांग, मग जाते."

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. सकाळी बायकोनं चहा ओतला. आम्ही दोघं बंद दाराकडे बघत बसलो... विचारायचं कुणी? चहावर साय धरली. कडी वाजली. मीरा बाहेर आली आणि आमच्याकडे न बघता, थेट आत्याच्या सुरात म्हणाली, "पिवळी आहे गो, च्या घ्या."

आम्ही कप उचलले... त्या दिवसापुरते.