इस्पिकचं पिंपळपान

सेलूत टूर्नामेंट म्हटली की ती कबड्डीची, नाहीतर टेनिस बॉलच्या क्रिकेटची. बक्षीस कोणी पुढारी देतो, फ्लेक्सवर त्याचाच फोटो सगळ्यांत मोठा असतो आणि फायनलला हमखास डोकी फुटतात. त्यामुळे बाबाराव लाइनमनचा अश्वजित पुण्याची चांगली नोकरी सोडून 'टूर्नामेंट खेळतो' असं कळलं, तेव्हा लोकांनी आधी त्याच्या पोटाकडे पाहिलं. एवढं पोट घेऊन याला कबड्डीत घेतो कोण?

अश्वजित पोकर खेळायचा. पत्त्यांचाच खेळ, पण आपल्याकडच्या तीनपत्तीसारखा चुटकीसरशी संपणारा नाही. तीनशे-चारशे माणसं एकदम बसतात, सगळ्यांना सारख्याच चकत्या मिळतात, ज्याच्या संपल्या तो उठला. असं दोन-तीन दिवस चालतं. हातात पत्ते कसेही येवोत, समोरचा खरं खेळतोय की थाप मारतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून, मानेच्या शिरेवरून, चकत्या ढकलणाऱ्या बोटांवरून ओळखायचं. यात अश्वजित वस्ताद होता. पुण्याच्या खोलीत मित्रांबरोबर शिकला, मित्रांना धू धू धुतलं आणि सव्विसाव्या वर्षी ठरवून टाकलं की हाच आपला धंदा. दुसऱ्याच वर्षी, एकोणीस साली, गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर चारशे बारा माणसांत तो पहिला आला. शील्ड मिळालं. वीतभर उंचीचं, काळ्या धातूचं इस्पिकचं पान, आणि खाली इंग्रजी अक्षरांची पितळी पट्टी.

ते शील्ड बॅगेत घालून तो घरी आला आणि घराच्या पायरीवर त्याची पाचावर धारण बसली.

कारण बाबाराव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली टाळकी विजेच्या खांबाखाली पत्ते कुटायला बसायची. बाबाराव खांबावर चढून बल्बच काढून आणायचे. "लावून द्या ना बाबारावजी," म्हणत पोरं मागे लागली की म्हणायचे, "वाचाले बसा, लावून देतो." पत्तेही जप्त करायचे. विहारात दर रविवारी वंदना झाली की पंचशील तेच सांगायचे, आणि चौथं शील, खोटं न बोलण्याचं, त्यांनी नुसतं सांगितलं नव्हतं. फोनवर कोणी नकोसं असलं तरी 'घरी नाईत म्हून सांग' असं त्या घरात कोणी कधी म्हटलं नाही.

"कशाची टूर्नामेंट जिंकला बा?" त्यांनी विचारलं.

"बुद्धीचा खेळ राह्यते बाबा."

"बुद्धिबळ?"

अश्वजितने मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाबारावांनी शील्ड उलटंसुलटं केलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "पिंपळाचं पान देल्लं तर यायनं. चांगलं केलं."

अश्वजितला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर हसू आलं. पट्टीच्या खेळाडूंना थापा मारून आलेल्या माणसाला घरचा लाइनमन काय जड जाणार! दुसऱ्या दिवशी तो गोव्याला निघून गेला.

पुढच्या खेपेला आला तेव्हा ते पान विहारात पोचलं होतं. बुद्धमूर्तीच्या बाजूच्या काचेच्या कपाटात, सोनेरी रंग देऊन. काळं बरं दिसत नाही म्हणून बाबांनी रंगवलं, असं आई, तानाबाई, कौतुकाने म्हणाली. येणारीजाणारी माणसं त्याच्यापुढे हात जोडत होती. बाबारावांनी स्वतः साठी उलटल्यावर बुद्धिबळ शिकायला घेतलं होतं आणि रविवारी वंदनेनंतर विहारातच वर्ग सुरू केला होता. बारा पट मांडले जायचे. अश्वजित त्या कपाटाजवळ कधी फिरकला नाही.

आणि नेमकं तिथून त्याचं सगळं बिनसलं. ती एक जिंकली, त्यानंतर नाही. चाळीस जणांना बक्षीस असलं की हा एकेचाळिसावा. दिवसदिवस सावध खेळायचा आणि शेवटच्या पत्त्यावर उठायचा. पुढे पुढे तर समोरच्याचे चेहरेही वाचता येईनात. ज्याच्यावर थाप म्हणून झडप घालावी त्याच्याकडे नेमके एक्के निघत. पर्वरीच्या भाड्याच्या खोलीत दोन स्क्रीनसमोर बसून तो ऑनलाइन खेळत राहिला. या धंद्यातला वाईट भाग हा, की चुकीचं खेळून हरलो की नशिबाने हरलो, हे कळायलाच वर्षं जातात. त्याची सहा गेली. मग पंचवीस सालच्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशांचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. पुण्यात दोन ठिकाणी मुलाखतीला गेला. दोन्हीकडे एकच प्रश्न, एवढी वर्षं काय केलं? तेहतिसाव्या वर्षी तो एक बॅग घेऊन सेलूला परत आला. आतून पार संपलेला होता, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

विहारातला वर्षावास, पावसाळ्यातले धम्मश्रवणाचे तीन महिने, संपायला चारच दिवस होते. समारोपाला बुद्धिबळाची स्पर्धा होती, आणि विहार समितीच्या अण्णाजींनी परस्पर जाहीर करून टाकलं की उद्घाटनाचा डाव आपला अश्वजित खेळेल. समोर काजल, नर्सिंगला शिकणारी, बाबारावांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी.

अश्वजितला प्यादी कशी चालतात एवढंच ठाऊक होतं. आपली लाज जायची ती जाईल. पण भर विहारात बापाची मान खाली जाईल, हे त्याला सोसणार नव्हतं. त्याने सांगून टाकायचं ठरवलं.

"बाबा, तुमाले एक सांगाचं होतं."

"उद्या सांगजो. गाद्या आनाच्या आहेत."

दुसऱ्या दिवशी मांडववाला यायचा होता. तिसऱ्या दिवशी बाबाराव ऐकून न ऐकल्यासारखं करून सायकल काढून निघून गेले.

समारोपाच्या दिवशी पंचशील अण्णाजींनी सांगितलं. बाबाराव पुढच्या रांगेत गप्प बसून होते. "तुह्या बाबाचा गळा बसते अलीकडे," आई कुजबुजली. मग डाव झाला. मोबाइलवर तीन दिवस घोकलेलं सगळं अश्वजित विसरला आणि अकराव्या खेळीला काजलने त्याला मात दिली. अश्वजितचे कान तापले. तेवढ्यात अण्णाजी माइकवर ओरडले, "पोरीले जिंकू देल्लं! याले म्हणते खेळाडू!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काजलने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली. बाबाराव पटाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून अश्वजितला काही कळलं नाही.

माणसं पांगल्यावर पट त्याच काचेच्या कपाटात ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. सहा वर्षांनी त्याने ते पान हातात घेतलं आणि तो थबकला. इस्पिकच्या खाली जो पसरट बुंधा असतो, तो नव्हता. करवतीने कापलेला होता. त्या जागी तांब्याच्या जाड तारेचा देठ डाखला होता, तारेला आधी दोन वेढे आणि मग डाख, जसा घरातल्या प्रत्येक जोडाला बाबांनी घातलेला होता. पानाचं टोक कानशीने घासून निमुळतं केलेलं. पितळी पट्टी गायब, नुसती स्क्रूची दोन भोकं.

बाबाराव हातात कुलूप घेऊन मागे उभे होते.

"तुमाले ठाऊक होतं?"

"तीस वर्षं पत्ते जप्त केले म्या. मले इस्पिक नाई समजत?"

"मंग बोलले काऊन नाई बाबा?"

"तू सांगशीन म्हून थांबलो. मंग लोकं विचारू लागले. तुह्या आईनं तं मोहल्लाभर सांगितलं, बुद्धिबळ म्हून. अन् लोकायनं पान विहारात ठेवाले मांगलं. म्हटलं, निदान पोरं तरी खरंखुरं शिकतीन." त्यांनी कुलपात किल्ली फिरवली. "चौथं शील म्हणताना तोंड उघडत नाई माह्यं. म्हून माइक अण्णाजीले देल्ला. गळ्याले काई नाई झालं."

अश्वजितला रडू फुटलं. सहा वर्षं अनोळखी माणसांचे चेहरे वाचण्यात घालवली, आणि हा एक चेहरा त्याने कधी धड पाहिलाच नव्हता. "मी सांगतो सगळ्यायले," तो म्हणाला. "आत्ता सांगतो."

"अन् मी काय सांगू?" बाबाराव म्हणाले. "करवत कोनं चालवली म्हून सांगू?"

आता खरं बोलायचं तर सगळ्या गावासमोर बापाला खोटं पाडावं लागणार होतं. बाबारावांनी पान त्याच्या हातातून घेतलं, शर्टाच्या बाहीने पुसलं, जागेवर ठेवलं आणि कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी अश्वजित बापाशेजारी बसला. पहिली तीन शीलं दोघांनी बरोबर म्हटली. चौथं आलं. अख्खा विहार म्हणत होता, आणि ते दोघे खाली मान घालून, ते संपायची वाट बघत होते.