हौसाबाईंची मुलाखत

टायपिंग-झेरॉक्सचं दुकान चालवलं की दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे खराब निघालेल्या कागदांची रद्दी आणि दुसरे लोकांचे किस्से. रद्दी दर दिवाळीला बायको वजनावर घालते. किस्से कोण घेणार? ते तसेच पडून राहतात आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की एकेक करून वर येतात. हसायला म्हणून काढावेत, तर हल्ली त्यातले निम्मे हसण्यासारखे उरलेलेच नाहीत.

माझं दुकान बारामतीत, एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला. लहानपणापासून माझा डावा पाय पोलिओनं गेलेला. त्यामुळे अपंगांचे दाखले, पास, पेन्शन यांचे अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडेच येतात. "बापूला आपलं दुखणं कळतं," असा माझा लौकिक आहे. खरं सांगायचं तर मला फक्त टायपिंग कळतं!

या अर्जांपायी आमचं तिघांचं एक टोळकं जमलं. एक मी. दुसरे माळेगावचे आप्पा, जन्मापासून अंध, एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर. नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखतात आणि तोंडाला अजिबात लगाम नाही. अपंगांना आता दिव्यांग म्हणायचं असा आदेश निघाला, तेव्हा मी दुकानाची पाटी बदलून घेत होतो. आप्पा म्हणाले, "नाव बदललं व्हय? बरं झालं. जिना तोच हाय का बघून ये."

तिसरे लोणी भापकरचे तात्या. उसाची ट्रॉली उलटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. त्यांचा पुतण्या भाजीचा टेम्पो घेऊन मार्केट यार्डात येतो. येताना तात्यांना चाकाच्या खुर्चीसकट माझ्या दारात उतरवतो, जाताना उचलून नेतो. "वांग्याबरूबर मीबी बाजारात येतो," तात्या म्हणतात, "फरक एवढाच की मला गिऱ्हाईक न्हाय."

*

तात्या पहिल्यांदा आले ते पेन्शनच्या झेरॉक्ससाठी. झेरॉक्स झाली तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "बापू, सरकारला माहिती मागितली तर द्यावीच लागती म्हणं?"

"माहिती अधिकारात द्यावी लागते. का?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी अपंगांसाठी काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेनं आपल्या भागात संशोधन केलं होतं. अपंग माणसाला घरी सांभाळणाऱ्या बायकांना काय काय सोसावं लागतं, हा त्याचा विषय. तात्यांच्या घरी एक मॅडम आल्या. तात्यांना वाटलं, आपल्यालाच विचारणार. त्यांनी सकाळीच दाढी करून धुतलेली पैरण घातली होती. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जरा बाहेर बसता का? आम्हाला आजींशी एकटीशी बोलायचंय."

आजी म्हणजे हौसाबाई, तात्यांची बायको. त्यांनीच खुर्ची ढकलत बाहेर ओट्यावर नेली, सावलीत लावली आणि आत जाऊन दार लोटलं.

"लई वेळ चाललं बगा," तात्या म्हणाले. "मधी एकदा हसली. मग बराच वेळ काय ऐकूच येईना. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"इचारलं की. रातच्याला भाकरी वाढताना इचारलं, काय म्हणत हुत्या गं त्या बाई? तर म्हणली, 'त्यांनी इचारलं, म्या सांगितलं.' संपलं! वर कालवण वाढलं."

त्याच्या पुढच्या वर्षी हौसाबाई गेल्या. मुलगी इंदापूरला सासरी, त्यामुळे घरात ही दोघंच होती. तात्या पुतण्याकडे राहायला आले. उठवायला-बसवायला पुतण्या, जेवायला सून. सगळं व्यवस्थित, कुणाला नाव ठेवायला जागा नाही. पण ते लोटलेलं दार तात्यांच्या डोक्यातून जाईना.

"ती काय बोलली तेवढं कळाय पायजे," ते म्हणाले. "चांगलं बोलली असंल तर बरंच. वाईट बोलली असंल तर..." इथं थांबले. "त्येबी कळाय पायजे."

*

अर्ज लिहायला बसलो. अभ्यासाचा अहवाल आणि हौसाबाईंच्या मुलाखतीची प्रत मिळावी, असं लिहिलं, कोर्ट फी स्टँप लावला. तात्यांनी अर्ज खालपासून वरपर्यंत न्याहाळला.

"ह्यात कारण कुठं लिव्हलंय?"

"कारण लिहायचं नसतं तात्या. कायद्यानंच सांगितलंय, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. हीच तर त्यातली गंमत आहे!"

तात्यांना काही ती गंमत वाटली नाही. म्हणाले, "आन् कारण न्हाय लिव्हलं, तर त्यांना घाई हाय हे कळणार कसं?"

*

अर्ज पुण्याला गेला. तिथून पत्र आलं की विषय आमचा नाही, अर्ज इंदापूरच्या कार्यालयाकडे वर्ग केला आहे. का, तर अर्जात मुलीचा पत्ता संपर्कासाठी दिला होता, तो इंदापूरचा! इंदापूरवाल्यांनी लिहिलं की अर्जदार बारामती तालुक्यातले, सबब अर्ज बारामतीकडे वर्ग. बारामतीकरांनी तो संशोधन पुण्याचं म्हणून पुण्याला धाडला.

आप्पा म्हणाले, "बघा, आपल्याला एसटीचा सवलतीचा पास, तर आपण हितंच बसलोय. आन् बिनपासाचा कागूद निम्मा जिल्हा फिरून आला!"

आम्ही हसलो. तात्याही हसले. पण जायची वेळ झाली तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "बापू, अर्ज हितं बारामतीत आला हुता, तर आपण जाऊन भेटलो असतो की त्याला. कुणी सांगितलं का न्हाय?" मी पंखा वाढवला.

*

दरम्यान आप्पांनीही ईर्षेनं एक अर्ज ठोकला. पांढऱ्या काठीबद्दल कसलासा अभ्यास झाला होता, त्याचा अहवाल मागितला. अंध असल्यामुळे ऐकता येईल अशा स्वरूपात द्यावा, असंही लिहायला लावलं. एक दिवस दुकानात त्यांच्या मोबाईलवर फोन आला. आप्पांनी स्पीकर लावला.

पलीकडून एक बाबू म्हणाला, "काका, तुम्ही लिहिलंय की तुम्हाला दिसत नाही. मग खाली सही कशी काय केलीत?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमाला तर दिसतंय. मग तुमी आजून उत्तर कसं काय दिलं न्हाय?"

फोन कट! पुढं उत्तर आलं ते छापील कागदांवर, अगदी बारीक अक्षरात. सोबतच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'कृपया अवलोकन करावे.' आप्पांनी कागदांवरून बोटं फिरवली. "अवलोकन केलं," म्हणाले, "कागूद गुळगुळीत हाय."

ते कागद मी त्यांना वाचून दाखवीन म्हणालो होतो. शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस, दुकानात गर्दी, ते राहूनच गेलं. आप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. विषय काढला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

*

तात्यांचा अहवाल मात्र आला. चांगला जाडजूड. मुलाखती नव्हत्या, नुसता अहवाल. तात्या म्हणाले, "सगळा वाच."

मी वाचायला लागलो. प्रस्तावना झाली, उद्दिष्टं झाली. तात्या डोळे मिटून ऐकत होते. हौसाबाईंचं नाव कुठंच नव्हतं, कुणाचंच नव्हतं. 'काळजीवाहू महिला' एवढंच. मग एक परिच्छेद आला. माणसाला रोज उचलून ठेवणाऱ्या या बायकांची पाठ आणि कंबर कायम दुखते आणि बहुतेक जणी ते घरात बोलून दाखवत नाहीत, अशा अर्थाचा.

तात्यांनी डोळे उघडले. "तिची पाठ दुखत हुती?"

मी घाईनं म्हणालो, "तिचीच असं नाही हो तात्या. हे सगळ्या बायकांचं मिळून लिहिलंय."

"सगळ्यांत ती आलीच की."

पुढचं वाचायचं मी थांबवलं. तात्याच म्हणाले, "गड्यांनी उचललेलं मला सोसायचं न्हाय. पुतण्या आला तरी म्या म्हणायचो, तू ऱ्हाऊ दे, हौसाच उचलंल. तिला माझा तोल ठावा हाय." एवढं बोलून त्यांनी खुर्चीची चाकं स्वतःच फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून टेम्पो येईपर्यंत बसून राहिले. मी आयुष्यात बरेच कागद वाचून दाखवले, त्यातला तो एक वाचायला नको होता.

*

मुलाखत नाकारली म्हणून आम्ही अपील केलं. सुनावणी पुण्याला. पुतण्यानं त्या दिवशी भाजी ठेवून आम्हा तिघांनाच टेम्पोत घातलं. कार्यालय अपंगांचंच, त्यामुळे दारात रॅम्प होता. उत्तम रॅम्प! त्याच्यावर स्टाफच्या मोटरसायकली ओळीनं लावलेल्या. लिफ्ट दुरुस्तीला आणि सुनावणी दुसऱ्या मजल्यावर.

मी पाय ओढत वर गेलो आणि सांगितलं की अर्जदार खाली आहेत, वर येऊ शकत नाहीत. आणि साहेब खरंच खाली आले, फाईल काखेत मारून! पार्किंगमध्ये गुलमोहराखाली आमची सुनावणी झाली. वॉचमनच्या शिट्टीमुळे मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

साहेब माणूस चांगला होता. समजावून सांगायला लागला, "आजोबा, अहवाल तुम्हाला दिला. पण मुलाखत ही त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे. ती अशी देता येत नाही."

"त्रयस्थ म्हंजी?"

"म्हणजे तिसरी व्यक्ती. तुमच्या मिसेस."

तात्या म्हणाले, "सायेब, घरात आमी दोघंच हुतो. त्यातलं तिसरं कोण?"

साहेबांनी फाईल मिटली. मग मी सांगितलं की बाई आता हयात नाहीत. साहेबांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "मृत्यूचा दाखला जोडा. मी बघतो." दाखला होताच, तिथंच दिला. आम्ही निघालो तर साहेब रॅम्पवरच्या मोटरसायकली स्वतः बाजूला ओढत होते. तात्यांना वर जायचं नव्हतं, परत जायचं होतं. तरी ओढत होते.

*

आणि त्यानंतर ते रजिस्टर टपाल आलं.

साहेबांनी मनापासून शेरा मारला असणार. पण खालच्या टेबलावर तो पोचेपर्यंत दाखला मागं राहिला आणि पद्धत पुढं गेली. तिसऱ्या व्यक्तीची माहिती द्यायची तर तिला आधी नोटीस पाठवायची, ही पद्धत. तात्यांनी पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. मी वाचलं. नोटीस हौसाबाईंच्या नावानं होती! आपण दिलेल्या मुलाखतीची प्रत आपल्या पतीने मागितली आहे, ती देण्यास आपली हरकत आहे किंवा कसे, हे मुदतीत कळवावे.

आप्पांना इतकं हसू फुटलं की चहा सांडला. मीही हसलो. "आता कुठल्या पत्त्यावर कळवणार म्हणावं त्यांना!" असं काहीबाही बोललो. मग तात्यांकडे लक्ष गेलं. ते पाकिटावरच्या नावाकडे बघत होते.

"तिच्या नावानं आजपतूर टपाल आलं न्हवतं," ते म्हणाले. "ह्ये पहिलंच."

मी लागलीच कागद टाईप केला. सदर महिला मयत आहे, दाखला पुन्हा जोडला आहे, सबब प्रत अर्जदारास द्यावी. दोन ओळींचं काम. "सही करा तात्या, आजच पाठवतो. आता कोणी अडवत नाही."

तात्यांनी पेन घेतलं नाही. नोटीस घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवली. "मला कुठं इचारलंय त्यांनी? तिला इचारलंय," म्हणाले आणि टेम्पोत बसून गेले.

त्यानंतर टेम्पो येत राहिला, पण त्यात नुसती भाजी. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, बरे आहेत, घरीच असतात. मुदत सरत चालली तसा मी रोज तारखा मोजायला लागलो. एवढी खटपट केली, आता हातातोंडाशी आलेलं जाणार.

मुदत संपल्यावर तात्या आले. दाढी केलेली, अंगात धुतलेली पैरण. मी तोच कागद पुढं केला आणि म्हणालो, "उशीर झाला, पण साहेब समजून घेतील. एवढी सही करा."

"नगं," तात्या म्हणाले. "फोटोम्होरं ठिवली हुती नोटीस. दिवा लावताना रोज इचारत हुतो तिला, देऊ द्या म्हणू का गं. मुदतभर वाट बघितली."

आप्पांनी मान वर केली. "मग?"

"काय बोलली न्हाय. दार लोटून सांगितल्यालं ते. हरकत हाय तिची. तसं कळवून टाका त्यांना."