उतरायचं शेवटी

"चाकाकडे नका बघू बाई, फाटकाकडे बघा!"

मी कॅरिअर धरून मागे धावत होते आणि वासनिकबाई चाकाकडेच बघत होत्या. शाळा सुटली होती. मैदानावर आम्ही दोघीच आहोत, अशी आमची समजूत. तेवढ्यात व्हरांड्यातून आवाज आला, "हे काय चाललंय?"

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, अजून घरी गेल्या नव्हत्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी पी.टी. शिकवायचे. वासनिकबाई भूगोल शिकवायच्या. चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत. एक दिवस स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नलिनी, मले सायकल शिकव वं."

"शाळेत यायला?"

"शाळेत याले रिक्षा हाय. मले नुसतं फिराचं हाय. सकाळी सकाळी अंबाझरीच्या तलावाले एक चक्कर, काही काम नसताना." मग म्हणाल्या, "लहानपणी भावाची सायकल मी पुसून देत होती. फिरे तो."

कारण मला फार आवडलं. आम्ही बायका पाय मोकळे करायचे तरी हातात भाजीची पिशवी घेऊन निघायचो. या बाईंना नुसतं फिरायचं होतं, आणि त्या तसं सांगत होत्या.

मोठ्या माणसाला सायकल शिकवणं हे वेगळंच काम आहे. मूल पडतं, उठतं, पुन्हा बसतं. मोठं माणूस पडायच्या आधीच बघून घेतं, हसायला कोण कोण आहे. माझी पद्धत ठरलेली होती. लेडीज सायकल घ्यायची, म्हणजे मधला डंडा नसलेली आणि साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली. सुरुवातीला दोन्ही पेडल काढून टाकायची, सीट खाली करायची आणि पायांनी जमीन ढकलत जायचं. तोल आपोआप कळतो. मग पेडल बसवायची. उतरायला शिकवायचं सगळ्यांत शेवटी. कारण उतरता आलं की मोठी माणसं जरा भीती वाटली की उतरतात. तोवर धरायला मी होतेच.

मैदानावर सापडलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"शिक्षिका मैदानात पडल्या आणि मुलींनी बघितलं, तर वर्गात त्यांचं कोण ऐकेल?"

"पडल्यावर उठायचं कसं, हेही मुली बघतील बाई."

"भाषण नको. गॅदरिंगला शिक्षकांची स्लो सायकल रेस असते. तोवर शिकवा, आणि वासनिकबाईंनी त्यात पहिल्या तिघांत नंबर आणावा. मग रोज संध्याकाळी मैदान तुमचं. नाही आणला, तर ती सायकल फाटकाच्या आत दिसता कामा नये."

"स्लो रेस, बाई?"

"हळूच तर चालवायची आहे. नवशिक्याला तेच सोपं."

मोठ्या बाई जन्मात सायकलवर बसलेल्या नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. स्लो रेसमध्ये जो सगळ्यांत शेवटी पोचतो तो जिंकतो. पाय जमिनीला टेकला की बाद. आणि सायकल उभी राहते ती वेगावर. वेग कमी केला की ती आडवी व्हायला बघते. आमचे ड्रॉइंगचे सर ती जागच्या जागी डुलवत ठेवायचे आणि दर वर्षी कप न्यायचे.

रस्त्यावर शिकायचं, तर मुलींचे आईबाप बघणार. वासनिकबाईंना ते नको होतं. मैदान गेलं की त्यांची सायकलही गेली.

"काहून शिकवून राहिली मंग?" त्या म्हणाल्या. "आपण हरलोच समज."

"बाई, तुम्ही हळू चालवूच नका. रोज चालवता तशीच चालवा. फक्त पाय टेकवू नका."

कारण मी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्या हिशेबच करत बसल्या असत्या. गॅदरिंगपर्यंत त्या एकट्या मैदानाला फेऱ्या मारू लागल्या. शेवटी "धर वं!" म्हणून हाक मारायच्या आणि मी कॅरिअर धरायचे.

रेसच्या दिवशी पंच मी. माइकवर नियम वाचायचा मान मोठ्या बाईंचा. पाच सायकली रेषेवर उभ्या राहिल्या. मी शिट्टी वाजवली. चार सायकली मुंगीच्या पावलांनी निघाल्या आणि वासनिकबाई सुसाट सुटल्या.

मुलींनी मैदान डोक्यावर घेतलं. बाईंनी घंटी वाजवली. ड्रॉइंगच्या सरांनी दचकून वळून बघितलं आणि त्यांचं हँडल शेजारच्या हिंदीच्या बाईंच्या हँडलमध्ये अडकलं. दोघांचेही पाय खाली. त्यांना चुकवताना उरलेल्या दोघांचेही पाय टेकले. वासनिकबाई रेषा ओलांडून तशाच पुढे गेल्या. आमचा शिपाई सुखदेव शहाणा. त्यानं फाटक सताड उघडलं आणि बाई रस्त्यावर दिसेनाशा झाल्या.

"त्या तर सगळ्यांच्या आधी पोचल्या!" ड्रॉइंगचे सर कडाडले. "ही स्लो रेस आहे ना?"

"सर, तुमचा पाय टेकला?"

"टेकला, पण..."

"रेषेपर्यंत कोण पोचलं?"

दर वर्षी रेषेपर्यंत जेमतेम दोघं पोचायचे. पाय न टेकवता नुसतं पोचलं तरी नंबर, एवढाच माझा हिशेब होता. पहिल्या नंबराची आशा मीही धरली नव्हती.

मोठ्या बाई कडक होत्या, पण स्वतःशीही तितक्याच कडक. त्यांनी माइक पुन्हा हातात घेतला. "पाय न टेकवता रेषा ओलांडणाऱ्यांत जो शेवटचा, तो विजयी. नियम मीच वाचला आहे. ओलांडणारी एकच आहे. पहिला नंबर, वासनिकबाई." मग माइक बाजूला करून मला विचारलं, "पण त्या आहेत कुठे?"

"येतील. त्यांना अजून उतरायला शिकवलेलं नाही."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. मी ठामपणे बोलले खरी, पण माझीही नजर फाटकावरून हलत नव्हती.

बक्षिसं वाटून होत आली, तेव्हा घंटी ऐकू आली. "बाई येऊन राहिल्या!" सुखदेव ओरडला. पाठोपाठ ओळखीची हाक आली, "नलिनी, धर वं!" मी धावत जाऊन कॅरिअर धरलं.

"कुठे गेला होता?"

"बर्डीच्या चौकापर्यंत. ट्रॅफिकच्या शिपायानं हात दाखवला. मीनं बी त्याले हात दाखवला." त्या हसत होत्या, पण डोळे भरलेले होते. "म्हटलं, हरली तर हावच. उद्यापासून सायकल बंद. मंग आजच फिरून घ्यावं."

"बाई, तुमचा पहिला नंबर आला."

"काहून मजाक करून राहिली वं!"

नंतर माझ्या मुलींनी शाळेला पुष्कळ कप आणून दिले. एवढा आनंद मला कुठल्याच कपाचा झाला नाही.

नियम करणाऱ्यानं एकदा तरी सायकलवर बसून बघावं, असं माझं मत झालं. ते मी मोठ्या बाईंना बोलून दाखवलं नाही. नोकरी करायची होती. पण सोमवारी संध्याकाळी मैदानावर तिघी शिक्षिका शिकायला आल्या, आणि त्यांच्या मागून पदर खोचून मोठ्या बाई.

"मला आधी उतरायला शिकवा," त्या म्हणाल्या.

"नाही बाई. ते शेवटी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, आणि मग फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "सुखदेव, फाटक उघडं ठेव."