एकाच बाजूचं कॅरिअर

बायको लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली तेव्हा तीन महिन्यांचा हिशोब होता. नात झाली, रांगायला लागली, धरून उभी राहायला लागली. परत यायचं कधी, हा विषय मी काढत नव्हतो आणि तीही काढत नव्हती.

मी इथं पुंडलिकनगरात. नोकरी शेंद्र्याला, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी मोटरसायकलवर पुण्याला जायचं, रविवारी जेवून निघायचं, असा माझा शिरस्ता पडला. एसटी आहे, पण लेकीचं घर पुण्याच्या पार पलीकडच्या टोकाला. एसटीतून उतरल्यावर ओझं घेऊन दोन गाड्या बदलाव्या लागतात. आणि ओझं असायचंच. मेव्हण्याच्या गंगापूरच्या शेतातली ज्वारी दळून, त्यांच्याकडचं तूप, कधी हरभऱ्याची डाळ.

ही मोटरसायकल मी पन्नाशीला घेतली. लांबच्या प्रवासाची, अंगानं जड, सीट उंच. दोघांनी फिरायचं म्हणून घेतली होती. प्रत्यक्षात आम्ही तिच्यावर गंगापूरला, म्हणजे तिच्या माहेरी, बऱ्याचदा गेलो आणि लोणारला एकदा. बायकोचा गुडघा पुरता वाकत नाही, त्यामुळे ती एका बाजूलाच बसते. डाव्या बाजूला साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळीचं गार्ड असतं, त्याखाली पाय ठेवायला पट्टी. ती बाजू तिची.

सुरुवातीला मी पिशवी मागच्या सीटवर दोरीनं बांधून नेत असे. एकदा नगरच्या अलीकडं पीठ सगळं एका अंगाला घसरलं. दुसरी अडचण परतीची. थंडीत नेवासा फाटा यायच्या आत अंधार पडतो, आणि त्या पट्ट्यात उसाच्या जोड ट्रॉल्या चालतात, मागं लाल दिवा नाही की चकाकणारी पट्टी नाही. गाडीचा मूळ दिवा अपुरा होता. म्हणून दोन्ही बाजूंना कॅरिअर, त्यावर डबे, आणि पुढं दोन जादा दिवे असं ठरवून मी आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो.

मिस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या बाजूला बसून गार्ड हलवून बघितलं.

"काका, हे काढावं लागंल. कॅरिअर ह्याच बोल्टावर बसतंय."

"मग डावीकडचं नको. उजवीकडचंच बसवा."

"एकच?" तो उठून उभा राहिला. "पायजमा एकाच पायात घालायचा म्हणता का काका?"

बाकावर चहा पीत बसलेले दोघं हसले. मीही हसलो. म्हणालो, "मागं बसणारं माणूस आहे."

"कुठंय?" त्यानं खरोखरच रस्त्याकडं पाहिलं.

"पुण्याला."

"मग आल्यावर लावू की गार्ड परत. दोन बोल्टाचं तर काम हाय."

बोलणं बरोबर होतं. तरी मी नको एवढंच म्हणालो.

उजव्या बाजूला सायलेन्सर असतो, त्यामुळे तिकडचा डबा चार बोटं जास्त बाहेर येतो. रिकामा डबा चार किलोचा, आत आठ किलो सामान. रस्त्याला लागल्यावर गाडी उजवीकडं ओढायची. फार नाही, पण अडीचशे किलोमीटर जाणाऱ्या माणसाला कळण्याइतकी. मी सीटवर थोडा डावीकडं सरकून बसायला लागलो आणि ते जमलं. एका बाजूला बसणाऱ्या माणसाचा भार डावीकडं जातो, हे मला ठाऊक होतं. ती बसली की डबा आणि ती मिळून गाडी सरळ होईल, असा माझा हिशोब होता. तो मी मिस्त्रीला सांगितला नाही.

दिव्यांचं काम मात्र त्यानं विनातक्रार केलं. पुढच्या गार्डवर दोन्हीकडं एक-एक पिवळा दिवा, हँडलजवळ वेगळं बटण. संध्याकाळी मी ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पाडून पाहिले आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाहीत इतके खाली वळवून घेतले.

पहिल्यांदा तशी गाडी घेऊन गेलो तेव्हा बायको नातीला कडेवर घेऊन पार्किंगमध्ये आली.

"अगं बाई, एकच डबा? दुसरा वाटेत पडला की काय?"

"एकच घेतला."

"वाचवले पैसे!" ती नातीला म्हणाली, "बघ गं, तुझे आजोबा कसे आहेत."

तिला तसं वाटलं तर वाटू दिलं.

लेकीचं घर एका बेडरूमचं. आत लेक, नात आणि बायको. हॉलमध्ये एका दिवाणावर जावई, दुसऱ्यावर मी. सगळे माझं नीट करतात. जावई अंघोळीचं पाणी काढून देतात, लेक माझ्या आवडीची भाजी करते. पाहुण्याचं करतात तसं. बायको दिवसभर नातीच्या मागं असते. आम्हा दोघांचं बोलणं निघताना व्हायचं, पार्किंगमध्ये, मी हेल्मेट हातात घेऊन उभा असताना.

त्या बोलण्यात पुढच्या खेपेला काय आणायचं ते असायचं. आधी पुरणयंत्र. मग वाचायचा चष्मा आणि लोकरीची शाल. मग कपाटाच्या खालच्या खणातल्या रोजच्या साड्या, "सगळ्याच आणा, आता निवडत कुठं बसता." मग लोखंडी तवा. "इथल्या तव्यावर भाकरी फुगतच नाही बघा."

ती सांगेल ते मी आणत गेलो. इकडं स्वयंपाकघरातल्या फळ्या उघड्या पडत चालल्या. तवा गेल्यापासून मी भाकरी करणं सोडलं, कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणू लागलो. जाताना डबा गच्च असायचा, येताना त्यात फक्त रेनकोट. खडखडायचा.

परतताना नगर मागं पडलं की मी पिवळे दिवे लावायचो. काम चोख करायचे. रस्त्याची कड दिसायची, खड्डा आधी कळायचा, उसाची ट्रॉली पन्नास पावलांवरून नजरेत भरायची. पूर्वी गंगापूरच्या वाटेवर असं वाहन आलं की मागून खांद्यावर हात दाबून "हळू" असं व्हायचं. मला त्याचा राग यायचा, कारण मी हळूच असायचो. आता मी आपणहून वेग कमी करायचो, ओलांडून जायचो, आणि पुढं पुन्हा तेवढाच पिवळा रस्ता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पार्किंगमध्ये ती म्हणाली, "पुढच्या वेळी मोठा कुकर आणा. आणि वरच्या कप्प्यातली चादर. आणि अहो, देवघरातली माझी अन्नपूर्णा."

अन्नपूर्णा तिला लग्नात माहेराहून मिळालेली, बोटाएवढी, पितळेची. आमच्याकडं ती वाटीत तांदळावर बसलेली असते.

मी विचारलं, "म्हणजे उन्हाळ्यातही इथंच?"

"हिच्या आईची रजा संपली. पाळणाघरात दोन दिवस ठेवून पाहिलं, पोर रडून रडून निळी पडली." तिनं नातीची टोपी सारखी केली. "शाळेत जाईपर्यंत तरी राहावं लागेल. दुसरं कोण आहे सांगा."

मी मनात माणसं मोजली. व्याही-विहीण दोघं आजारी. दुसरं खरंच कुणी नव्हतं.

"अन्नपूर्णा तांदळासकट आणू?" मी विचारलं.

"तांदूळ राहू द्या तिथंच. इथले घालीन." मग डब्याकडं बघून म्हणाली, "एवढं सगळं एका डब्यात मावायचं नाही. दुसरा लावून घ्या की. त्यात काय एवढं?"

"डावीकडं तुझं गार्ड आहे."

तिनं वाकून पाहिलं. इतक्या खेपांत तिनं गाडीची ती बाजू पाहिली नव्हती. नातीनं तिच्या मंगळसूत्राला हात घातला, तो तिनं सोडवला.

"अहो, मला आता रिक्षातसुद्धा हाताला धरून चढवावं लागतं. मी कुठली बसते आता या गाडीवर?"

"पुढं बरा होईल गुडघा."

"नाही व्हायचा. डॉक्टरनी सांगितलंय." मग हळू आवाजात, "मला वाटलं, तुमच्या लक्षात आलंय."

वरून लेकीनं हाक मारली, दुधाची वेळ झाली होती. बायको जिन्याशी गेली, कठड्याला धरून एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढली. मी इतके दिवस ते बघत होतो, पण नात कडेवर आहे म्हणून ती सावकाश चढते असं समजत होतो. जावई मधेच खाली आले आणि त्यांनी नातीला घेतलं. तरी ती तशीच चढली.

पुढच्या आठवड्यात मी गॅरेजात गेलो आणि डावीकडचंही कॅरिअर बसवायला सांगितलं. मिस्त्रीनं पाना आणला.

"माणूस आलं नाय का काका?"

"नाही."

त्यानं थट्टा केली नाही. गार्ड सोडवून फडक्यानं पुसलं. "घरी नेता का?"

"राहू द्या इथंच. कुणाला लागलं तर द्या."

शनिवारी सकाळी सामान भरलं. कुकर उजवीकडं, चादर आणि बाकीचं डावीकडं. न्हाणीघरातल्या काट्यावर दोन्ही डबे उभे करून वजन सारखं केलं. अन्नपूर्णा रुमालात गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली. ती उचलली तेव्हा तांदळात तिच्या बैठकीएवढा खळगा राहिला. वाटी होती तशीच ठेवून देवघराचं दार लावलं.

गाडी आता सरळ चालायला हवी होती. पण वाळूज ओलांडल्यावर लक्षात आलं, ती डावीकडं चालली आहे. पांढऱ्या पट्टीवरून कडेच्या मुरमाकडं. थांबलो. डबे हलवून पाहिले, बोल्ट तपासले, हवा तपासली. सगळं बरोबर होतं. पुन्हा निघालो तेव्हा कळलं, मीच अजून डावीकडं सरकून बसतो आहे. सरकून मधोमध बसलो. गाडी सरळ झाली. गंगापूर फाटा मागं पडला, नेवासा आलं. चहाला थांबलो आणि पुन्हा बसलो तेव्हा बघितलं, तर परत तेवढाच डावीकडं.